बुडबुडे उडतात, मद्य राहते

मंडळी, आजचा विषय ऐकून पहिल्या रांगेतले दोघे हसले, ते आम्ही पाहिले. तत्त्वज्ञानाच्या माणसाने फसफसणाऱ्या वाइनवर काय बोलावे? पण अमळनेर इथून लांब नाही. तिथे १९१६ पासून तत्त्वज्ञानाचे केंद्र आहे, आणि वैशेषिकांची 'पाकज गुणां'ची चर्चा म्हणजे उष्णतेने वस्तूचे काय बदलते याचीच चर्चा. कच्चे मडके भट्टीत लाल होते ते अणू बदलतात म्हणून, की अख्खे मडकेच बदलते म्हणून? यावर वैशेषिक आणि नैयायिक हिरीरीने भांडले. आम्ही तोच प्रश्न भाताच्या पातेल्याला विचारतोय.

झाले असे, की धुळ्याला एका जुन्या विद्यार्थ्याने जेवायला बोलावले. नाशिकची स्पार्कलिंग वाइन आणलेली. (महाराष्ट्रात हिची सुरुवात १९८०च्या दशकात नारायणगावला झाली, आता नाशिक-दिंडोरीकडे चांगली बनते.) त्याने अर्धी बाटली पनीरच्या भातात ओतली. का, तर बुडबुड्यांनी भात हलका होतो, असे पाककृतीत लिहिले होते. साफ चूक. बाटलीत दुसऱ्यांदा आंबताना जो वायू तयार होतो, तो बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट दाबाखाली कोंडलेला असतो. बूच निघाले आणि पातेले तापले, की गेला! उरते आंबट पांढरी वाइन. ती साधी, निम्म्या पैशांत मिळते. नुसता आंबटपणाच हवा, तर आपले ताक काय वाईट?

पण खरी अडचण पुढे आहे. शेजारी त्याची माळकरी आत्या बसली होती. 'आत्या, शिजवलं की सगळं उडून जातं,' असे म्हणत त्याने तिलाही वाढले. 'सगळं' म्हणजे काय, हे तिला सांगितलेच नाही. आणि उडून जात नाही हो! पंधरा मिनिटे शिजवल्यावरही मद्यार्काचा सुमारे ४० टक्के भाग उरतो, तासाभरानेही २५ टक्के. बाटली जिच्यासाठी महाग, ती फसफस गेली, आणि आत्याला जे नको ते ताटात राहिले. ती म्हणाली, 'ताकातला भात का रे?' आणि आणखी घेतला. आम्ही गप्प बसलो.

शिजवण्यात बुडबुडे कामाला येतात ते एकाच ठिकाणी, भज्यांच्या पिठात. गार पीठ कडक तेलात पडले, की वायू निसटायच्या आत कवच धरते, भजे कुरकुरीत होते. पण ते काम सोडाही करतो.

ही वाइन पेल्यातच शोभते. पेयात मिसळायची तर संत्र्याचा गार रस आधी, वाइन शेवटी, तिरप्या पेल्याच्या कडेने हळू. ढवळू नका. केळ्याचा गर मात्र घालू नये. जळगावकर रागावतील, पण त्यात आंबटपणा कमी, आणि दाट गराच्या कणांवर वायू जमून फेस टेबलभर होतो. केळ्याचे खारे वेफर्स शेजारी ठेवा, तिथे जळगाव जिंकते. आणि मे महिन्यात गाडीत तापलेली बाटली लगेच उघडू नका. बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, तोवर बूच तोंडापासून दूर.

आत्याला अजून कोणी सांगितलेले नाही. विद्यार्थी म्हणतो, 'सर, आता कशाला?' येत्या सोमवारी आम्ही धुळ्याला जाणार आहोत.