बाहुलीचा वारसा

‘लॅबिरिंथ’च्या शेवटी सारा धाकट्या भावाला गॉब्लिनांच्या राजाकडून सोडवून घरी आणते. लहानपणीच्या वस्तू आवरू लागते, तोच आरशात हॉगल, लूडो आणि सर डिडिमस दिसतात. गरज पडली तर आम्ही आहोत, असं सांगतात. बाहुलीकार जिम हेन्सन यांच्या १९८६ च्या या बाहुलीपटाचा पुढचा भाग येणार, ही बातमी गेली काही वर्षं अधूनमधून येते. दिग्दर्शकाचं नाव तेवढं दर वेळी वेगळं असतं. ती वाचली की मला आनंद होतो आणि पाठोपाठ धास्ती वाटते. त्या धास्तीला नुसतं स्मरणरंजन म्हणून सोडून देता येणार नाही.

हा चित्रपट थिएटरात मोठा झाला नाही. ‘लॅबिरिंथ’वर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाले आणि अमेरिकेत त्याच्या निम्म्याच्या आसपास पैसे परत आले. १९९० साली हेन्सन वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी गेले. चित्रपटाला लोकांचं प्रेम मिळालं ते मुख्यतः नंतर, व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीवर. घरात, पुन्हा पुन्हा पाहिलेली गोष्ट घरचीच होऊन जाते. म्हणूनच तिला कोणी हात लावला की आपण सावध होतो.

बाहुलीपटाचा पुढचा भाग काढताना नेमकं काय पुढे न्यायचं असतं? कथा, की पात्रांची नावं? ‘स्टार वॉर्स’मधल्या योडाचं उदाहरण बोलकं आहे. १९८० साली ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये, म्हणजे एका उत्तरभागातच, तो जन्मला आणि फ्रँक ऑझ यांच्या हाताने जगला. २००२ साली तो संगणकावर घडवला गेला. आता तो उड्या मारू लागला, तलवार फिरवू लागला. पण बाहुलीला जे जमत नाही, त्यातूनच तिचा अभिनय घडत असतो. चेहऱ्याच्या हालचाली मोजक्या, म्हणून मान किंचित कलली तरी अर्थ उमटतो. २०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये योडा पुन्हा बाहुली होऊन आला आणि त्याचं वजन परत आलं.

असा वारसा जपला गेला तो ‘द डार्क क्रिस्टल’च्या बाबतीत. हेन्सन आणि ऑझ यांच्या १९८२ च्या या चित्रपटात पडद्यावर एकही माणूस नाही. ते सारं जग ब्रायन फ्राउड यांच्या कल्पनेतून उतरलं. स्फटिक सांधला गेला आणि कथा संपली, पुढे जायला वाट नव्हती. म्हणून २०१९ ची ‘एज ऑफ रेझिस्टन्स’ ही दहा भागांची मालिका मागे गेली. तिच्यातल्या गेल्फलिंग वंशाचा संहार होणार, हे मूळ चित्रपटामुळे आपल्याला आधीच ठाऊक असतं. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक छोट्या विजयाला दुःखाची किनार लागते. दिग्दर्शक लुई लेतेरिए यांनी संगणकाची मदत घेतली, पण पात्रं बाहुलीकारांच्या हातातच ठेवली. रचनेच्या कामात ब्रायन यांचे पुत्र टोबी फ्राउड होते. ‘लॅबिरिंथ’मध्ये पळवून नेलेलं बाळ तेच. वारसा म्हणजे काय, ते यात दिसतं. २०२० च्या सप्टेंबरात मालिकेला एमी पुरस्कार मिळाला आणि त्याच महिन्यात ती बंद झाल्याचं जाहीर झालं.

याउलट ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’. १९८४ च्या पहिल्या भागातला फाल्कोर हा ड्रॅगन आकाश आणि आशा यांचाच एक भाग वाटे. १९९४ च्या तिसऱ्या भागात तो आणि त्याचे सोबती आपल्या रोजच्या जगात येऊन पडले आणि त्यांचं गारूड उतरलं.

आणखी एक धडा आपल्या घरचा आहे. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’साठी (१९९३) रामदास पाध्ये यांनी तात्या विंचूचा बाहुला घडवला. २०१३ साली ‘झपाटलेला २’मध्ये तात्या थ्रीडीत परतला, पण पहिल्या भागातले लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते, २००४ साली ते गेले होते. बाहुल्याची दहशत निम्मी बाहुल्यात होती आणि निम्मी लक्ष्याच्या विस्फारलेल्या डोळ्यांत, हे तेव्हा कळलं. बाहुली जिवंत आहे यावर समोरच्या नटाचा विश्वास बसला, तरच आपला बसतो.

तेव्हा उत्तरभागांना सरसकट विरोध करण्याचं कारण नाही. कथेत सांगण्यासारखं काही उरलं आहे का आणि ते सांगणारे हात तयार आहेत का, एवढंच विचारावं. ‘लॅबिरिंथ’ आरशासमोर पूर्ण झाला आहे. त्याला पुढचा भाग नको. ‘एज ऑफ रेझिस्टन्स’ मात्र अर्ध्यावर तुटली आहे. तिची गोष्ट बाकी आहे आणि ती पेलणारे हात त्या दहा भागांनी दाखवून दिले आहेत. ती पूर्ण व्हायलाच हवी.