टेनेसी ईस्टमनचा डेटा इतका स्वच्छ कसा?

केमिकल प्लांटमधला बिघाड ओळखणारं मॉडेल करायचं म्हटलं, की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सीनिअर तुमच्या हातात टेनेसी ईस्टमनचा डेटा ठेवतो. माझ्याही ठेवला होता. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याने लागणाऱ्या सवयीबद्दल.

आधी श्रेय देऊ. ईस्टमन केमिकलच्या डाउन्स आणि व्होगेल यांनी १९९३ मध्ये हे सिम्युलेशन प्रसिद्ध केलं. प्रक्रिया खऱ्यावर बेतलेली, पण गुपित राहावं म्हणून रसायनांची नावं नुसती ए ते एच. ४१ मापनं, २० प्रकारचे व्यत्यय. सगळ्यांना एकाच मैदानावर खेळता आलं, हे मोठंच काम. शिवाय त्यांनी तो नियंत्रणाचा प्रश्न म्हणून मांडला होता. बिघाड ओळखायची परीक्षा त्याची आपण नंतर केली, आणि ३, ९, १५ क्रमांकाच्या अवघड बिघाडांवर टक्का-दोन टक्के वाढवत बसलो.

आता अडचण बघा. नेहमीच्या फाइलमध्ये दर ३ मिनिटांनी एक ओळ, एकही जागा रिकामी नाही, सगळ्यांचं घड्याळ एक. खऱ्या प्लांटमध्ये आकडा तुमच्यापर्यंत येतो तो हिस्टोरियनमधून, आणि हिस्टोरियन जागा वाचवतो. समजा तापमानाची रेंज ० ते २०० अंश आणि कॉम्प्रेशनची मर्यादा अर्धा टक्का, म्हणजे १ अंश. सरळ रेषेपासून त्याहून कमी हललेले बिंदू तो टाकून देतो. तुम्ही दर मिनिटाचा डेटा मागितला, की उरलेल्या बिंदूंमध्ये रेघ ओढून आकडे भरून देतो. दिवसाची १४४० रीडिंग हातात आली असं वाटतं. त्यातली मोजलेली किती, ते फाइल सांगत नाही.

माझे सहा महिने इथेच गेले. एका कारखान्याच्या डेटात दोन तापमानांचा सुंदर संबंध सापडला, पेपरचा सारांशही लिहून झाला. कंट्रोल रूममधल्या काकांनी आलेख बघून विचारलं, "हा एवढा सरळ कसा हो? आमच्या स्क्रीनवर तर सारखा हलतो." कॉम्प्रेशन बंद करून दोन आठवडे डेटा घेतला. संबंध गायब! थॉर्नहिल, चौधुरी आणि शाह यांनी २००४ मध्येच दाखवलं होतं, की कॉम्प्रेशनने डेटाचे सांख्यिकी गुणधर्म बदलतात. मी ते वाचलं नव्हतं, कारण माझ्या सरावाच्या डेटात तो प्रश्नच नव्हता.

खरं तर इशारा तिथेही आहे. त्यातला उत्पादनाचा अ‍ॅनालायझर दर १५ मिनिटांनीच नवा आकडा देतो, म्हणून ३ मिनिटांच्या फाइलमध्ये तोच आकडा पाचदा येतो. मी ती पाच स्वतंत्र मापनं धरली होती.

तेव्हा मॉडेलच्या आधी तीन कामं करा. लागोपाठच्या फरकांचा फरक काढा. तो वारंवार शून्य आला, तर तुम्ही रेघ बघताय, मोजमाप नाही. प्रत्येक आकड्यासोबत क्वालिटी कोड मागा, कारण सेन्सर तुटल्यावरही काही ठिकाणी शेवटचा आकडाच पुढे येत राहतो. आणि इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरला भेटून, हव्या त्या टॅगचं कॉम्प्रेशन बंद करता येईल का, ते विचारा. जुना डेटा मात्र परत येत नाही. म्हणून हे पहिल्या महिन्यात विचारा.

टेनेसी ईस्टमन जरूर वापरा, पण अल्गोरिदम तपासायला. डेटा कसा गोळा करावा, ते तो शिकवणार नाही.