अराज्यवाद : आजची प्रस्तुतता

राज्यसंस्थेऐवजी ऐच्छिक सहकार्यावर समाजाची उभारणी व्हावी, असे प्रतिपादन करणाऱ्या अराज्यवादाला कार्यक्रम म्हणून फारसे यश लाभले नाही. स्पेनमधील कॅटलोनियातील प्रयोगही (१९३६–३७) अल्पजीवी ठरला. सत्तेची चिकित्सा म्हणून मात्र तो आजही प्रस्तुत आहे. श्रमिकांच्या नावे चालणारे राज्य अखेर मूठभरांचेच होईल, हा बकून्यिन (१८१४–७६) याने मार्क्सवाद्यांना दिलेला इशारा सोव्हिएट राजवटीने खरा ठरविला. तथापि राज्य हटले, तरी रूढीची व जातीची सत्ता उरते. ग्रामस्वराज्याच्या गांधीप्रणीत कल्पनेचे अराज्यवादाशी जवळचे नाते आहे. तिच्यामागील ग्रामगौरवावर डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी कठोर टीका केली. गावातील दुर्बलांचे रक्षण कोण करणार, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अराज्यवादापाशी नाही. राज्याचा पर्याय म्हणून नव्हे, तर राज्यसत्तेवरील वैचारिक अंकुश म्हणून त्याचे मोल आहे.