शाई सांडली!

कॉमर्सवाल्याला चित्र दाखवा, तो आधी बेरीज शोधतो. म्हसळ्याच्या घरी एका पुस्तकात कृष्णा रेड्डींचं १९६३ सालचं ‘व्हर्लपूल’ पाहिलं आणि नाव न वाचताच मी निकाल दिला, “शाई सांडली!”

सांडली नव्हती. महायुद्धानंतर पॅरिसला हेटरसाहेबांच्या ‘आतलिए १७’ या छापखान्यात रेड्डी आणि मंडळींनी शोधलेली ही युक्ती. धातूचा पत्रा एकच, पण कमीजास्त खोल कोरलेला. एका शाईत तेल जास्त, दुसरीत कमी. कडक रूळ वरवर फिरतो, मऊ रूळ खोलात उतरतो. शाया शेजारी नांदतात, मिसळत मात्र नाहीत. अगदी सख्ख्या जावा!

“पण हे आहे काय?” मी हट्टानं म्हटलं.

आईनं चष्म्याशिवायच पाहिलं. “खाडीतला भोवरा. तुझे बाबा होडीत बसले, की माझं लक्ष तिथंच असायचं.”

आईला इंग्रजी येत नाही. मी निकाल मुकाट्यानं फिरवला. तक्रार एकच उरली : मूळ ठशात कागदावर उंचवटे उठतात, पुस्तकातलं पान गुळगुळीत. आई त्यावरून बोट फिरवत होती. हाताला काहीच लागत नव्हतं.