वर्षाचे व्रत आणि जन्माचे व्रत

कॅनडातील टोरोंटो शहरी 'सिस्टरहुड ऑफ सेंट जॉन द डिव्हाइन' नावाचा अँग्लिकन धर्मभगिनींचा मठ आहे. हॅना ग्रियर कूम या विधवा बाईने १८८४ साली या संघाची स्थापना केली. या मठाने २०१६ साली एक नवा उपक्रम आरंभिला. तरुण स्त्रियांनी एक वर्ष मठात येऊन राहावे, भगिनींबरोबर प्रार्थना, अध्ययन, मौन आणि श्रम यांचा नित्यक्रम पाळावा, आणि वर्ष सरले म्हणजे आपापल्या वाटेने जावे. जन्मभराची शपथ त्यांनी घ्यावयाची नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ साली, लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यात तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी वीस ते पस्तीस या वयाच्या तरुण-तरुणींसाठी अशाच स्वरूपाचा 'सेंट अँसेल्म' समुदाय स्थापन केला होता.

या उपक्रमांवर दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक पक्ष म्हणतो, ही वैराग्याची सहल झाली. परतीचा दिवस ठरवून निघालेला मनुष्य यात्रेकरू असेल, संन्यासी नव्हे. दुसरा म्हणतो, हे गोड बोलून टाकलेले जाळे आहे. मठ ओस पडत चालले, तेव्हा कोवळ्या वयाच्या मुली वर्षाच्या निमित्ताने आत घ्यावयाच्या आणि मग सोडावयाच्या नाहीत. हे दोन्ही आक्षेप मला पुरेसे वाटत नाहीत. ते तपासण्यासाठी मी वाचकांपुढे दोन जुने लेख ठेवणार आहे. एक आपल्या भाषाभगिनीच्या पत्रांचा संग्रह, आणि दुसरा एक न्यायनिवाडा.

त्याआधी एक खुलासा केला पाहिजे. गोव्याच्या वाचकाला भगिनीमठ म्हटला की जुने गोवे येथील सांता मोनिकाची, १६२७ साली पुरी झालेली, भव्य वास्तू आठवते. तो मठ रोमन पंथाचा, आणि तेथील व्रत जन्माचे. इंग्लंडात आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ मोडून टाकले, आणि पुढे तीनशे वर्षे त्या मंडळीत धर्मभगिनी हा प्रकारच उरला नाही. लंडनमध्ये १८४५ साली पहिला भगिनीसंघ निघाला, १८४८ साली वाँटेज या गावी सेंट मेरीचा संघ निघाला, तेव्हा इंग्रज समाजाला हे सारे परके आणि संशयास्पद वाटत होते. स्त्रीने आजन्म शपथ घ्यावी की नाही, यावर तर खुद्द बिशपांतच मतभेद होते. म्हणजे वर्षाचे की जन्माचे, हा प्रश्न त्या परंपरेत आजचा नाही. तो तिच्या पुनर्जन्माइतकाच जुना आहे.

याच वाँटेजच्या भगिनी १८७७ साली पुण्यास आल्या. १८९० सालच्या चहा-प्रकरणामुळे मराठी वाचकांच्या परिचयाच्या झालेल्या पंचहौद मिशनाशी त्यांचा निकटचा संबंध होता. आणि याच वाँटेजला १८८३ च्या मे महिन्यात पंडिता रमाबाई जाऊन पोहोचल्या. वय पंचवीस, पती निवर्तून वर्ष-सव्वा वर्ष झालेले, कडेवर दोन वर्षांची मनोरमा, आणि बरोबर आनंदीबाई भगत ही सोबतीण. प्रवासाच्या खर्चास 'स्त्रीधर्मनीति' या त्यांच्या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा होता. व्यवस्था देवघेवीची ठरली होती. हिंदुस्थानात जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावे, आणि मठाने त्यांना आश्रय देऊन इंग्रजी शिकवावे. तेथील वास्तव्य वर्षभरही पुरे झाले नाही. १८८४ च्या आरंभी त्या चेल्टनहॅमच्या विद्यालयात गेल्या. मठाशी संबंध मात्र १८८६ साली अमेरिकेस निघेपर्यंत, आणि पुढेही, राहिला.

त्या अल्पकाळात घडू नये तेही घडले. आपणांस बळाने बाटवतील या भयाने आनंदीबाईंचे मन ढळले आणि त्यांनी आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी तेथेच बाप्तिस्मा घेतला. हे पान उलटताना हिंदू वाचकाच्या मनाला यातना होतात, आणि त्या व्हाव्यात. परंतु तेथेच पुस्तक मिटून ठेवणारा वाचक त्यातील मुख्य गोष्ट गमावून बसतो.

ती मुख्य गोष्ट म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा झगडा. सिस्टर जेराल्डीन या भगिनीने रमाबाईंची धर्ममाता या नात्याने झालेला पत्रव्यवहार जपून ठेवला, त्यावर स्वतःची टिपणे जोडली, आणि अ. भि. शहा यांनी संपादिलेला हा संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. वाङ्मय म्हणून या ग्रंथाचे मोल असामान्य आहे. जेराल्डीनबाईंनी तो आपल्या बाजूचा पुरावा म्हणून सिद्ध केला, हे त्यांच्या टिपणांवरून स्पष्ट दिसते. पण प्रतिपक्षाची सडेतोड पत्रेही त्यांनी त्यात ठेवली. वादीनेच प्रतिवादीचा जबाब इमानाने सादर करावा, असे न्यायालयात क्वचितच पाहावयास मिळते. वाचक शेवटास जातो तो रमाबाईंच्या पक्षाला मिळून, तरीही जेराल्डीनबाईंविषयी आदर बाळगून.

वाद कशावरून झाले पाहा. रमाबाई मांसाशन करीत नसत, अंडी घातलेला पदार्थ घेत नसत. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा अभिमान दिसे. क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंचे म्हणणे, आम्हांला लॅटिन येत नाही, अक्षरे हवीतच तर संस्कृत असावीत. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी गोष्ट निघाली. मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी त्याला हरकत घेतली. आपल्याविषयीचा निर्णय आपणांस न विचारता झाला, हे रमाबाईंना असह्य झाले. स्वदेशातील पुरोहितांचे जू मानेवरून काढून टाकले, ते दुसरे तसलेच जू घेण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या उत्तरांचा आशय आहे. मठाची शिस्त त्यांनी नाकारली नाही, पाहुणचाराचे उपकार नाकारले नाहीत. त्यांनी नाकारला तो आपल्या बुद्धीवरील दुसऱ्याचा ताबा.

आता दुसरा लेख. 'ऑलकार्ड विरुद्ध स्किनर' हा १८८७ सालचा इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा निवाडा कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेला असतो. पण त्यातील प्रतिवादी ही अँग्लिकन भगिनीसंघाची प्रमुख होती, हे परीक्षेनंतर कोणाच्या लक्षात राहत नाही. मिस ऑलकार्ड ही बाई १८७१ साली या संघाची पूर्ण सदस्या झाली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन यांच्या शपथा घेऊन तिने सुमारे सात हजार पौंडांची संपत्ती मठप्रमुख मिस स्किनर यांच्या स्वाधीन केली. प्रमुखाच्या परवानगीवाचून कोणत्याही बाहेरच्या माणसाचा सल्ला घेऊ नये, असा त्या संघाचा नियम होता. १८७९ साली तिने संघ सोडला आणि १८८५ साली शिल्लक रकमेसाठी दावा लावला. मिस स्किनर यांनी काही लबाडी केली असे न्यायालयाने म्हटले नाही. पैसा गरिबांच्या कामीच लागला होता. तरीही ज्या घरात बाहेरचा सल्ला घेण्यास बंदी आहे, तेथे दिलेले दान मोकळ्या मनाने दिलेले मानता येत नाही, असे तत्त्व न्यायमूर्तींनी सांगितले. दावा हरला तो सहा वर्षांच्या विलंबामुळे, आणि तोही एका न्यायमूर्तींच्या भिन्नमताने.

हे केवळ परधर्मीयांचे दुखणे आहे असे समजून कोणी समाधान मानू नये. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या १८९० सालच्या निवाडासंग्रहात 'मन्नू सिंग विरुद्ध उमादत्त पांडे' हा खटला आहे. एका वृद्ध हिंदू शिष्याने परलोकीच्या कल्याणासाठी आपली सर्व मालमत्ता गुरूस देऊन टाकली होती. न्यायालयाने ते दान रद्द केले. गैरवाजवी वजन पडले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी गुरूवरच आहे, असे ठरविले. मठ कोणत्या देवाचा, याने कायद्याच्या दृष्टीत फरक पडत नाही.

रमाबाईंवरही हाच प्रश्न उलटून आला. १८८९ साली त्यांनी शारदा सदन काढले. १८९३ साली तेथील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो असा बोभाटा झाला आणि रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. वाँटेजला जिने आपल्या बुद्धीचे रक्षण केले, तिच्याच छपराखाली राहणाऱ्या मुलींच्या बुद्धीचे रक्षण कोणी करावयाचे, असा तो सवाल होता. रमाबाईंचे थोरपण मान्य करूनही मी म्हणेन की सवाल रास्त होता. आसरा देणाराच उपदेशक असतो, तेव्हा उपकाराचे ओझे हेच वजन होऊन बसते.

या तीन प्रकरणांच्या प्रकाशात टोरोंटोचा उपक्रम पाहिला म्हणजे त्यातील मर्म ध्यानात येते. वर्षाची मुदत हा त्याचा दोष नसून तेच त्याचे संरक्षण आहे. निघण्याचा दिवस आधीच ठरलेला असल्याने निघणाऱ्या मुलीला कोणाचा विश्वासघात करावा लागत नाही, आणि राहू इच्छिणारीला नव्याने, विचार करून, 'राहते' असे म्हणावे लागते. सहलीचा आक्षेप करणारांना मी इतकेच विचारीन की आपले चातुर्मास, आपली सोळा सोमवारांची व्रते ही काय आहेत? संकल्प सोडताना मुदत उच्चारली जाते आणि शेवटी उद्यापन होते. म्हणून ते व्रत खोटे होत नाही.

तथापि या उपक्रमाची एक उणीव सांगितली पाहिजे. वर्षाची पाहुणी ज्या घरात उतरते, ते घर जन्माचे व्रत घेतलेल्या स्त्रियांनी उभे ठेवलेले असते. त्या सरल्या की वर्षही सरले. वाँटेजच्याच ११ भगिनी १ जानेवारी २०१३ रोजी रोमन पंथात गेल्या, आणि रमाबाईंनी पाहिलेल्या त्या संघात मूठभर मंडळी उरली. संस्थेला नव्या रक्ताची निकड आहे, आणि जेथे निकड आहे तेथे मोह आहे. म्हणून अशा उपक्रमाचे यश किती मुली कायमच्या राहिल्या यावर मोजू नये. परतलेल्या मुली मठाविषयी मोकळेपणी, प्रसंगी कठोरपणे, बोलू शकतात की नाही, हे पाहावे.

आणि आपले काय? स्त्रीच्या संन्यासाची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. महानुभावांची महदाइसा, साकोरीच्या कन्या, १९५४ साली दक्षिणेश्वरी स्थापन झालेला शारदा मठ, ही उदाहरणे आहेत. पण बहुतेक ती जन्माच्या व्रताची. आमच्या देवालयांच्या अग्रशाळांत कुटुंबे नवस फेडण्यास उतरतात आणि चार दिवसांनी जातात. पंचवीस वर्षांची एखादी अविवाहित मुलगी देवस्थानच्या कमिटीकडे आली आणि म्हणाली, एक वर्ष येथे राहून उपासना करीन, संस्कृत वाचीन, पडेल ते काम करीन आणि मग घरी जाईन, तर तिला खोली देण्यापूर्वी आपण तिच्या वडिलांना किती प्रश्न विचारू, आणि तिला स्वतःला किती? मी स्वतः अशा एका कमिटीवर बसलेलो आहे. आम्ही सारे प्रश्न वडिलांनाच विचारले असते, अशी मला शंका आहे.