सत्तर टक्के कशाचे?

वजन घटवण्याच्या, म्हणजे बेरिअॅट्रिक शस्त्रक्रियेची माहितीपत्रके आज भरपूर मिळतात. ती सगळी खोटी असतात असे आम्ही म्हणणार नाही. आमची तक्रार वेगळी आहे. वाक्य खरे असूनही वाचणाऱ्याची समजूत चुकीची होते.

‘सत्तर टक्के जादा वजन घटते’ हे नेहमीचे वाक्य घेऊ. समजा, एखाद्याची उंची १६० सेंटिमीटर व वजन १२० किलो आहे. बीएमआय २५ ही हद्द धरली, तर या उंचीला ६४ किलो वजन चालते. म्हणजे जादा वजन ५६ किलो. त्याचे ७० टक्के म्हणजे सुमारे ३९ किलो. एकूण वजनाशी हे प्रमाण ३३ टक्क्यांच्या आतच राहते. ‘जादा’ हा शब्द नजरेतून सुटला की लाभ दुप्पट वाटतो.

दुसरा प्रश्न काळाचा. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा छायाचित्रांत ‘नंतर’ म्हणजे केव्हा? स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास केलेल्यांचे वजन एक-दोन वर्षांनी सरासरी ३२ टक्के, तर दहा वर्षांनी २५ टक्के घटलेले आढळले. काही वजन परत येते, पण बरीचशी घट टिकते.

म्हणूनच ‘हे श्रीमंतांचे चोचले’ ही टीकाही आम्हांस मान्य नाही. त्याच अभ्यासात सरासरी सुमारे ११ वर्षांत शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकी ६.३ टक्के, तर झालेल्यांपैकी ५ टक्के व्यक्ती दगावल्या. ‘मृत्यूचे प्रमाण पाचव्या हिश्शाने कमी’ म्हणा किंवा ‘शंभरामागे साधारण एकाने कमी’ म्हणा, दोन्ही बरोबरच. पण जाहिरातीला पहिलेच आवडते. शिवाय हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हेही सांगायला हवे.

शस्त्रक्रियेनंतर ब-१२, लोह यांसारखी पूरके आणि रक्ततपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात. हा मजकूर पत्रकात असलाच तर बारीक टायपात असतो. रुग्णाच्या दृष्टीने मात्र तो पहिल्या पानावर हवा.

टक्के कशाचे? किती वर्षांनंतरचे? किती जणांपैकी? सांगणाऱ्याचा त्यात लाभ काय? हे चार प्रश्न फळ्यावर लिहून शिक्षकांनी एखादे पत्रक वर्गात तपासावे. उदाहरणाला वर्गातल्या कोणा मुलाचे वजन मात्र घेऊ नये. लठ्ठपणात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि चेष्टेने कोणाचेही वजन उतरत नाही.