एका ग्रंथाचा इतिहासकार

प्राध्यापकाच्या विद्वत्तेची चौकशी करतांना "यांचे ग्रंथ किती?" असें विचारून मोकळें व्हावयाची आपल्या सुशिक्षित वर्गाला संवय आहे. ग्रंथांची संख्या मोजतां येते. आणि मोजतां येईल तेंच खरें मानण्याकडे मनाचा ओढा असतो. या मापानें मोजूं लागलें तर नायजेरियाचे इतिहासकार केनेथ ओन्वुका डीके फारच तोकडे ठरतील. आवर्जून नांव घ्यावें असा त्यांचा मोठा ग्रंथ त्यांच्या हयातींत एकच प्रसिद्ध झाला. असें असूनही आफ्रिकेच्या इतिहासाचा अभ्यासक त्यांना वळसा घालून पुढें जाऊं शकत नाहीं. हें कोडें प्रस्तुत लेखांत उलगडून पाहावयाचें आहे. आणि तसें करतांना त्या एका ग्रंथाच्या गुणांबरोबर दोषांचाही झाडा घेणें प्राप्त आहे.

डीके यांचा जन्म १९१७ सालीं नायजेरियाच्या पूर्व भागांतील ऑका येथें झाला. गोल्ड कोस्टमधील, म्हणजे आजच्या घानांतील, अचिमोटा कॉलेज, सिएरा लिओनमधील फूरा बे कॉलेज आणि स्कॉटलंडमधील अॅबर्डीन विश्वविद्यालय अशा पायऱ्या चढून त्यांनीं १९५० सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांतून डॉक्टरेट मिळविली. त्या काळीं इंग्रजी विश्वविद्यालयांतून आफ्रिकेचा इतिहास म्हणून जें शिकवीत, तें वस्तुतः आफ्रिकेंत गेलेल्या गोऱ्या प्रवाशांचें, मिशनऱ्यांचें व गव्हर्नरांचें चरित्र असे. लेख नाहींत तेथें इतिहास नाहीं, हें त्या शिकवणुकीचें सूत्र. तें किती चिवट होतें पाहा: डीके यांचा ग्रंथ निघून सात वर्षें झाल्यावर, १९६३ सालीं, ऑक्सफर्डचे प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनीं आफ्रिकेंत युरोपियनांचा तेवढा इतिहास आहे, बाकी अंधार आहे, अशा आशयाचें विधान जाहीर व्याख्यानांत केलें. परराज्याखालीं शिकलेल्या आपल्या मागील पिढ्यांना या सुराची ओळख निराळी करून देण्याचें कारण नाहीं.

त्या कल्पित अंधारांत दिवा घेऊन शिरलेला ग्रंथ म्हणजे १९५६ सालीं ऑक्सफर्डच्या छापखान्यानें प्रसिद्ध केलेला 'नायजर नदीच्या मुखप्रदेशांतील व्यापार व राजकारण, १८३० ते १८८५' हा होय. समुद्राला मिळतांना नायजर नदी असंख्य फाट्यांनीं फुटते. दलदल, खाऱ्या पाण्याच्या खाड्या आणि तिवरांचीं रानें यांच्या या मुलखांत शेतीला वाव थोडा. म्हणून तेथील लोक मीठ व मासळी आंतल्या मुलखांत नेऊन तेथून खाण्याचे कंद आणीत. याच देवघेवींतून बॉनी, ब्रास, कॅलाबार हीं व्यापारी नगरराज्यें उभीं राहिलीं. पुढें गुलामांच्या व्यापारानें तीं श्रीमंत झालीं. आणि १८०७ सालीं इंग्लंडनें आपल्या प्रजेला तो व्यापार बंद केल्यावर हळूहळू त्याची जागा पामतेलानें घेतली.

या व्यापारांत वरचढ कोण होता, हा डीके यांचा खरा प्रश्न आहे. त्यांचें उत्तर असें कीं, बराच काळपर्यंत वरचढ होता तो किनाऱ्यावरील आफ्रिकन. लिव्हरपूलचा व्यापारी नदीच्या मुखाशीं गलबतांत राही. तेथल्या राजाला ठराविक कर भरल्यावांचून त्याला व्यापार सुरू करतां येत नसे. स्थानिक व्यापाऱ्यांना माल उधार देऊन तेलाची वाट पाहत त्याला महिने काढावे लागत. आंतल्या बाजारपेठांची वाट त्याला बंद होती. हिंवताप आणि मध्यस्थ व्यापारी हे दोघेही ती अडवून बसले होते. १८५४ सालीं बेकी यांची आगबोट क्विनिनच्या आधारानें नदींत वर जाऊन तापानें एकही माणूस न गमावतां परत आली, आणि त्याच वर्षीं कॉन्सल बीक्रॉफ्ट यांनीं बॉनीचा राजा पेपल याला पदच्युत करून देशाबाहेर नेलें. व्यापाराची वाट उघडूं लागते न लागते तोंच तिच्यामागून सत्ता कशी चालून येते, हें डीके यांनीं कोठेंही आवाज न चढवितां दाखविलें आहे.

ग्रंथाचा सर्वांत मनोवेधक भाग तेथील 'घरां'विषयींचा. या राज्यांत घर म्हणजे निव्वळ कुटुंब नव्हे. मालक, त्याचे नातलग, आश्रित व गुलाम मिळून बनलेली ती व्यापारी पेढी असे, आणि प्रसंगीं तीच लढाऊ नौकाही सज्ज करी. या व्यवस्थेंत जन्मापेक्षां कर्तबगारीला मान मिळूं शकला. इग्बो कुळांतला जाजा गुलाम म्हणून आला, बॉनींतील एका बलाढ्य घराचा प्रमुख झाला, आणि १८६९ च्या यादवीनंतर बाहेर पडून ओपोबो येथें स्वतःचें राज्य स्थापून बसला. १८८७ सालीं कॉन्सल जॉन्स्टन यांनीं बोलणीं करावयास बोलावून त्याला हद्दपार केलें, ती घटना ग्रंथाच्या कालमर्यादेबाहेरची आहे. पण तिचा अर्थ ज्याला समजून घ्यावयाचा असेल त्यानें हा ग्रंथ वाचावा.

परंतु स्तुति येथें आवरून दोन कठोर गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, डीके यांनीं दृष्टि बदलली तरी साक्षीदार फारसे बदलले नाहींत. स्थानिक परंपरांना त्यांनीं मान दिला. पण पुराव्याचा मुख्य भार कॉन्सलांच्या खलित्यांवर आणि इंग्रजी कागदपत्रांवरच राहिला. जें कॉन्सलाला दिसलें नाहीं तें ग्रंथांतही अंधुकच दिसतें. आंतल्या मुलखांत फळें कुटून तेल काढणारीं माणसें, बाजारांत बसणाऱ्या स्त्रिया, नौकेचीं वल्हीं मारणारा गुलाम यांचा आवाज या पानांतून क्वचितच ऐकूं येतो. दुसरी गोष्ट सहानुभूतीची. ज्या मध्यस्थांच्या चातुर्याचें वर्णन वाचून आपण खूष होतों, त्यांचें वैभव एके काळीं माणसें विकून उभारलेलें होतें. डीके हें लपवीत नाहींत, पण त्यांच्या तराजूचें पारडें राजांकडे व धनिकांकडे झुकतें. आपल्या लोकांनाही राज्य चालवितां येत होतें हें सिद्ध करण्याच्या भरांत, तें राज्य कोणाच्या पाठीवर चाललें होतें, हा प्रश्न मागें पडतो.

या दोषांवर दुसरा ग्रंथ लिहून उपाय करावा, ही सामान्य विद्वानाची रीत. डीके यांनीं निराळी वाट धरली. सरकारी कचेऱ्यांतून व इतरत्र कागद कुजत पडले होते. १९५१ पासून त्यांनीं त्यांची पाहणी केली, आणि त्यांतून जें राष्ट्रीय दफ्तरखानें निर्माण झालें त्याचे ते पहिले संचालक झाले. १९५५ सालीं नायजेरियाची इतिहास-परिषद निघाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. १९६० सालीं ते इबादान येथील युनिव्हर्सिटी कॉलेजचे पहिले आफ्रिकन प्रमुख झाले आणि त्या कॉलेजचें स्वतंत्र विश्वविद्यालय झाल्यावर कुलगुरु. १९६५ पासून त्यांच्या संपादकत्वाखालीं इबादानची इतिहासमाला निघूं लागली. अजायी यांचा ख्रिस्ती मिशनांवरील ग्रंथ तींतलाच. स्वतःला जें लिहितां आलें नाहीं तें दुसऱ्यांना लिहितां यावें, म्हणून त्यांनीं आपली लेखणी बाजूला ठेवली.

या कर्तृत्वावर घाला पडला तो १९६६ सालीं. उत्तर नायजेरियांत हजारों इग्बोंची कत्तल झाली; डीके स्वतः इग्बो. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनीं कुलगुरुपद सोडलें. मे १९६७ मध्यें बिआफ्राचें स्वतंत्र राज्य घोषित झालें, तेव्हां त्याचे प्रतिनिधि म्हणून ते देशोदेशीं हिंडले. एका राष्ट्राचें दफ्तर जुळविणाऱ्या हातानें त्या राष्ट्राच्या फाळणीची कैफियत मांडावी, हें विपरीत खरें. पण ज्याच्या माणसांवर तलवार पडली त्याच्या निष्ठेचा न्याय शांत खोलींत बसून करण्याची घाई आम्हांला प्रशस्त वाटत नाहीं.

जानेवारी १९७० मध्यें बिआफ्रा कोसळला. डीके अमेरिकेंत हार्वर्डला गेले व तेथें आफ्रिकन इतिहासाच्या मेलन अध्यासनावरील पहिले प्राध्यापक झाले. १९७८ सालीं ते मायदेशीं परतले आणि २६ ऑक्टोबर १९८३ रोजीं एनुगू येथें निवर्तले. फेलिसिया एकेजिउबा यांच्यासह लिहिलेला त्यांचा अरो लोकांवरील ग्रंथ त्यांच्या पश्चात् १९९० सालीं निघाला. अरो हे आंतल्या मुलखांतले व्यापारी. म्हणजे पहिल्या ग्रंथांत किनाऱ्यावर थांबलेला हा इतिहासकार अखेरीस रान ओलांडून आंत शिरला होता. आपला दोष त्यानें स्वतःच ओळखला होता, याचा याहून चांगला दाखला कोणता?

तेव्हां ग्रंथ किती, हा प्रश्न आपण खुशाल विचारावा. पण त्याच्या जोडीला आणखी एक विचारावा: यांच्यामुळें दुसऱ्यांना किती ग्रंथ लिहितां आले? या मापानें डीके यांची बरोबरी करणारे प्राध्यापक कोणत्याही देशांत थोडेच सांपडतील.